सिंधूच्या आईकडे

तात्यांनी स्कूटर अंगणात तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि किक मारली. पहिल्या किकला ती ढिम्म राहिली.

"हिला आधी आंजारावं गोंजारावं लागतं," ते म्हणाले आणि आईकडे बघून हसले. आई हसली नाही. गाडी सुरू झाली, मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले, तेव्हा तिनं माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. आत नवंकोरं लुगडं, खण आणि पेढ्यांचा पुडा होता.

"पदर नीट धर. डावा हात झाकून बस," ती म्हणाली.

डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कोड होतं. मानेवरही एक चट्टा होता, पण तो वेणीखाली जायचा. मला बघायला आलेली माणसं चहा संपेपर्यंत त्या मनगटाकडे बघायची आणि उठताना पत्रिका जुळत नाही म्हणायची. त्यातल्या काहींनी पत्रिका मागितलेलीच नसायची. असं करत करत मी तिशीला आले होते. शिवणाचा क्लास चालवत होते, गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाउज शिवत होते. धाकट्या सुवर्णाला चांगलं स्थळ आलं होतं, पण त्या लोकांचं एकच म्हणणं होतं, आधी मोठीचं होऊ दे. मोठीचं म्हणजे माझं.

आणि मग मधुकरचं स्थळ आलं. बोरगेवाडीचा डाळिंबाचा बागायतदार. बिजवर. पहिली बायको सिंधू तीन उन्हाळ्यांपूर्वी वारली होती, मागे आता चार वर्षांची झालेली छाया नावाची मुलगी होती. माझा हात बघून त्याची आई म्हणाली होती, "असू दे, भाकरी थापायला कुठं आडतंय?" आमच्या घरी या वाक्याचं फार कौतुक झालं.

आमच्या भागात एक रीत आहे. माणूस दुसरेपणाचं लग्न करतो तेव्हा नव्या नवरीला मेलेल्या सवतीच्या आईकडे नेतात. ती आई तिला पाटावर बसवते, ओटी भरते, लेक म्हणते. तिथून पुढे नव्या बायकोला दोन माहेरं होतात. एरवी हे लग्न झाल्यावर उरकतात. तात्यांनी मात्र हट्ट धरला की सुपारी फुटायच्या आधीच जायचं. सिंधूच्या आईनं ओटी भरली, तर तिथूनच पुढे बोरगेवाडीला जाऊन शब्द द्यायचा. नाही भरली, तर घरी. मला त्या घरात जायचं होतं की नव्हतं हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, हेही खरं. मला तेव्हा कुठलंही घर चाललं असतं.

डांबरी रस्त्यानं गेलो असतो तर तासाभरात पोचलो असतो. तात्यांनी गावाबाहेर पडताच गाडी कच्च्या वाटेला घातली.

"इकडून कुठे?"

"इकडून बरं असतं. माझी सगळी नोकरी या वाटांवर गेली," ते म्हणाले. ते ग्रामसेवक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. "सायकलवर हिंडायचो तेव्हा. आता स्कूटर आहे तर जरा मिरवू दे की."

मार्गशीर्षातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. दोन्ही बाजूला शाळू निसवला होता. वाटेत मेंढरं आडवी आली की तात्या गाडी बंद करून सगळा कळप जाईपर्यंत थांबत, धनगराला कुठून आला, कुठे चालला विचारत. एका वस्तीवर चहा घेतला. पुढच्या मळ्यात कुणी ओळखीचा निघाला, त्यानं शेकोटी पेटवून आम्हाला हुरडा खायला घातला. तात्यांनी पोटभर खाल्ला, वर दही मागून घेतलं. त्यांना इतकं मोकळं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. माझं जमतंय म्हणून ते खूश आहेत, असं मी धरून चालले, आणि मलाही बरं वाटायला लागलं. पदर हातावरून सरकला होता, तो मी तसाच राहू दिला.

मग त्यांनी मला पाझर तलाव दाखवायला नेलं. मोठ्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला, त्यांच्या देखरेखीखाली. पाणी बेताचंच होतं. आम्ही बांधावर बसलो. तिथे मी विचारलं.

"तात्या, ती कशी गेली हो?"

"कोण?"

"सिंधू."

त्यांनी एक खडा उचलला आणि पाण्यात टाकला. "विहिरीवर पाय घसरला म्हणतात."

"रोजच्या विहिरीवर?"

"शेवाळ असतं, माले."

"ती उन्हाळ्यात गेली ना? वैशाखात कसलं आलंय शेवाळ?"

त्यांनी आणखी एक खडा टाकला. मग म्हणाले, "म्हणूनच आधी तिच्या आईकडे चाललोय. जिची लेक गेली, तिच्या मनात त्या घराबद्दल खोट असेल तर ती दुसऱ्याच्या पोरीची ओटी भरेल का? नाही भरणार. आणि भरली, तर समजायचं घर चांगलं आहे. जुन्या माणसांनी काही खुळेपणानं ही रीत लावलेली नाही."

मला ते पटलं. आमच्याकडे सगळ्यांनाच ते पटत आलेलं होतं. चौकशी करताना शेजारीपाजारी गोड बोलतात, भावकी वाकडं बोलते, पण मेलेल्या पोरीची आई खोटी ओटी भरणार नाही, एवढं प्रत्येक जण गृहीत धरायचा.

सिंधूच्या माहेरी पोचायला आम्ही दुपार उलटवली. गावाच्या कडेला दोन खणांचं धाब्याचं घर होतं. सोप्यात बाजेवर सिंधूचे वडील पडून होते. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती, वाचाही गेली होती. सिंधूची आई, हौसाबाई, घरामागच्या परड्यातून हात पुसत आली. काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. तात्यांनी आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं. तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. हातावरचं कोड बघितलं आणि डोळे वळवले नाहीत. तसं फार कमी लोकांनी बघितलेलं होतं.

"सुपारी फुटली का?" तिनं विचारलं.

"नाही, आक्का. आधी तुमच्या पायाशी आणली. तुम्ही म्हणाल तसं."

"मानसं चांगली हायती," हौसाबाई म्हणाली. "बागाईत हाय, घर मोठं हाय. जावई बी कामाचा हाय."

बाजेवरच्या म्हाताऱ्यानं चांगला हात टेकवून, धडपडत कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तात्या त्याच्याकडे बघत राहिले.

"चल बाय, आत चल," हौसाबाई मला म्हणाली. "पाव्हणं, तुमी बसा. बायकांचं काम हाय."

आत चुलीपाशी तिनं पाट मांडला. लुगडं हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि फळीवर ठेवून दिलं. मला हळदकुंकू लावलं. मी पदर पसरला. तिनं त्यात तांदूळ घातले, खण घातला, हळकुंड, सुपारी, शेवटी घरातला नारळ. तिचे हात सवयीचे होते. सगळं होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या मनात आलं, सुटलो. घर चांगलं आहे.

मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज अगदी खाली आणला.

"आता मी सांगते ते ध्येनात ठेव. त्यो जेवायला आला की ताटाकडं बगायचं न्हाई, तोंडाकडं बगायचं. तोंड तांबडं दिसलं की पोरीला घिऊन परड्यात जायाचं. भाकरी करपली तर करपू दे."

मला काही कळेना.

"रातच्याला पोरीला मधी घिऊन निजायचं. पोर मधी असली की त्यो हात उचलत न्हाई. मळ्यातल्या हिरीवर एकटीनं पान्याला जायाचं न्हाई. सासू म्हनली तरी न्हाई. आन् वराडायचं झालं तर घरात वराडू नगंस, वाटंवर येऊन वराड. घरातलं कुनाला ऐकू जात न्हाई."

लेकीला सासरी पाठवताना आई जशी सांगते, तशीच ती सांगत होती. सासूला उलटून बोलू नकोस, दिवा लागायच्या आत केर काढ, त्याच सुरात. माझ्या पदरातला नारळ जड झाला होता. मी दोन्ही हातांनी पदर धरून बसले होते.

"हे सिंधूनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"दर खेपंला सांगायची. पाठ दावायची."

"मग?"

"मग काय? दोन दिस ठिऊन घ्यायची आन् मीच माघारी धाडायची. शेवटच्या खेपंला ती यष्टीत चढंना. मीच हाताला धरून बसीवली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच संपलं असावं. "चार दिसांनी निरोप आला."

"मग तुम्ही ओटी कशी भरली माझी?"

तिनं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"छाया तिथं हाय. माजी नात. मला देत न्हाईत. चैताच्या जत्रंला देवळात आनत्यात, तवा घटकाभर मांडीवर घ्यायला गावती. त्या घरात तिच्याकडं बगायला कोन न्हाई. म्हातारी हाय ती लेकाची बाजू घ्येनारी. कोनतरी बाई मानूस पायजे तिथं." ती थांबली. मग माझा दंड हातात धरून दाबून बघितला, बाजारात जनावर बघतात तसा. "सिंधू अंगानं हलकी हुती. येकोनीस वर्साची दिली हुती. तू थोराड हायस, शिकलीयास. तू टिकशील."

"आणि नाही टिकले तर?"

"तुला तरी दुसरं कोन करनार हाय, बाय?" ती म्हणाली. त्यात कुजकेपणा नव्हता. ती आपली सरळ सांगत होती.

मी उठले. "मी नाही जाणार त्या घरात."

"तुज्या बापाला सांग ते. मी वटी भरलीया. मी भरली म्हनूनच सांगनार."

आणि तिनं तसंच सांगितलं. सोप्यात येऊन तात्यांना म्हणाली, "पाव्हणं, वटी भरली. पोर चांगली हाय. सुकानं नांदंल." तात्यांनी तिच्या पायाला हात लावला. मी ओटीसकट पदर कमरेला खोचला. म्हातारा भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. त्याच्या खांद्यावरून तो जागा आहे हे कळत होतं.

तिथून निघाल्यावर तात्यांनी गाडी आणखीच हळू चालवली. गावापासून थोडं पुढे गेल्यावर वाट फुटते. उजवीकडे बोरगेवाडी, डावीकडे आमचं गाव. फाट्यावर लिंबाखाली एक शेंदूर फासलेला दगड होता. तिथे तात्यांनी गाडी थांबवली आणि बंद केली. आजूबाजूला माणूस नव्हतं.

"तिनं भरली ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"भरली."

"मनापासून?"

मी उतरले आणि सगळं सांगितलं. तोंड तांबडं, पोर मधे, वाटेवर येऊन ओरडायचं, एस.टी.त हाताला धरून बसवलेली सिंधू. माझा दंड कसा दाबून बघितला तेही सांगितलं. सांगताना मला रडू यायला हवं होतं, पण राग येत होता. हौसाबाईचा आला, तात्यांचाही आला, माझ्या हाताचा तर फारच आला.

तात्या स्कूटरवरच बसून होते. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हँडल घट्ट धरून.

"मला वाटलं होतं, ती भरणार नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला माहीत होतं गं. नोकरीत असताना कानावर येतं सगळं. पंचनाम्यात काय लिहिलं आणि लोक काय बोलत होते, दोन्ही माहीत होतं. तुझ्या आईला सांगितलं, तर म्हणाली, लोक कुणाबद्दल बोलत नाहीत? सुवर्णाचं अडलंय म्हणाली. तेही खरंच आहे." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. घाम यावा असं ऊन आता राहिलं नव्हतं. "मला नाही म्हणता येईना. मी म्हटलं, म्हातारीच म्हणेल. मेलेल्या पोरीची आई आहे, ती काही ओटी भरायची नाही. तिनं मोडलं की माझ्यावर येत नाही. सकाळपासून मी वेळ काढतोय, तुला कळलं नाही?"

"मला वाटलं तुम्ही खूश आहात."

"हुरडा खाताना होतो," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. सगळं माहीत असून त्यांनी मला त्या पाटावर बसायला नेलं होतं. पण ते इतके म्हातारे दिसत होते की माझा राग कुठे ठेवावा हेच मला कळेना. मी म्हटलं, "आता तिनं भरली. आता काय करणार?"

ते उजवीकडच्या वाटेकडे बघत बसले. तिकडून एक बैलगाडी येत होती. ती आमच्याजवळून गेली, गाडीवाल्यानं रामराम घातला, तात्यांनीही घातला.

"पदरातलं सगळं काढ," ते म्हणाले मग. "इथं देवापाशी ठेव."

"ओटी टाकायची?"

"टाकायची कशाला? देवाला दिली म्हण."

मी नारळ, खण, हळकुंड, सुपारी दगडापुढे ठेवलं आणि तांदूळ वाहिले. पदर झटकला. तात्यांनी उतरून हात जोडले, चपला काढून, बराच वेळ. मग गाडी डावीकडे वळवली.

घरी आई दारातच होती. "काय झालं? शब्द दिला?"

"म्हातारीनं ओटी भरली नाही," तात्या म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवून हो म्हटलं. तिनं विचारलं, "का पण? काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. नाही भरत म्हणाली."

"आणि लुगडं?"

"ते ठेवून घेतलं."

"बरी आहे की बया. लुगडं घेतलं आणि ओटी भरली नाही?" लुगड्याचा विषय त्या घरात पुढे महिनाभर पुरला. बाकी मात्र कुणी मला बोल लावला नाही. दोष तिकडचा ठरला होता. सुवर्णाच्या सासरच्यांनाही ते ऐकून वाईट वाटलं, आणि मोठीच्या नशिबाला कोण काय करणार म्हणत त्यांनी लग्न माघातच उरकून घेतलं. तात्यांच्या एका वाक्यानं सगळं सुरळीत झालं. सिंधूच्या आईनं ओटी नाकारली ही बातमी त्या सगळ्या टापूत पसरली, आणि मधुकरला पुन्हा कुणी मुलगी दिली नाही. तो पैसेवाला होता, लांबलांबून स्थळं आणायचा, पण ती माणसं चौकशीला आली की कुणीतरी ओटीचं सांगायचंच.

मी वाचले होते. त्या दिवसांत मशीनवर बसल्याबसल्या मला मधेच आनंद व्हायचा, नुसता, काही कारण नसताना. आणि मग कुणाची तरी चार-पाच वर्षांची पोर परकराचं माप द्यायला यायची, आणि मी टेप हातात धरून थांबायचे.

चैत्र संपताना तात्या एकटेच स्कूटर घेऊन गेले. कुठे जातो ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले, पाय धुतले आणि माझ्या खोलीत येऊन कापडांच्या ढिगाशेजारी बसले. आई स्वयंपाकघरात होती.

"हौसाबाईकडे गेलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, पाया पडून यावं. आपण तिच्या नावावर खोटं बोललो."

"काय म्हणाली?"

"मधुकर आला होता म्हणे, भावकीतली माणसं घेऊन. पारावर बोलावून सगळ्या गावासमोर विचारलं तिला, ओटी भरलीस का नाही भरलीस. तिनं खरं सांगितलं असतं तर आपण उघडे पडलो असतो."

मशीनचं चाक मी हातानं धरून ठेवलं होतं.

"नाही भरली, म्हणाली. माझी लेक जिथं मेली तिथं लोकाची लेक कशाला घालू, म्हणाली. चारचौघांत. त्याच्या तोंडावर."

"आणि छाया?"

तात्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवला नाही.

"जत्रेला ती उजाडायच्या आधीपासून देवळात जाऊन बसली होती. ते लोक आले, नारळ फोडला आणि गेले. पोरीला आणलं नव्हतं."

ते पुढच्या वर्षीही चैत्रात गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, गाडी चालवता येत होती तोवर दर वर्षी. परत आले की छायाला आणलं होतं का, असं मी विचारायचे, आणि ते नुसती नाही अशी मान हलवायचे.